कर्जाचं कारण: ॲडमिशन

मी सांगलीत एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या काउंटरवर बसते, अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एवढं पक्कं कळलं की आमच्याकडं सोनं ठेवायला आणि सोडवायला लोक कधी येणार हे पिकावर आणि ॲडमिशनवर ठरतं. हळदीचे सौदे जोरात असले की लोक दागिने सोडवायला येतात, बेदाण्याचा पैसा हातात आला की तासगावकडची माणसं येतात, आणि जून उजाडला की उलटा रस्ता सुरू होतो. कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या कोर्सच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या राउंडची यादी लागली की दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आधीच पायरीवर चार-पाच बायका बसलेल्या असतात. पिशवीत रुमाल, रुमालात गंठण नाहीतर पाटल्या, आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची फाईल, तिच्यात सगळ्यात वर अलॉटमेंट लेटरची प्रिंट. ती प्रिंट मी मागितलेली नसते तरी त्या दाखवतातच. "कॉम्प्युटरला लागला बघा नंबर" असं म्हणतात आणि मग रुमालाची गाठ सोडतात.

आमच्या अर्जात 'कर्जाचे कारण' असा एक रकाना आहे. मी तिथं 'शैक्षणिक' लिहिते. तोवर आमचे सराफ दागिना कसोटीवर घासतात, खड्यांची आणि लाखेची घट काढतात, निव्वळ वजन सांगतात, किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत कर्ज बसतं, सही होते, अर्ध्या तासात पैसे हातात. काम सोपं आहे. पण त्या अर्ध्या तासात बाई जे बोलते ते दरवर्षी जवळजवळ तेच असतं, आणि ते ऐकून ऐकून माझ्या मनात जे साठलंय ते आज लिहायला बसलेय.

ती म्हणते, "स्कॉलरशिप हाय की पोरीला. पण ती मागनं येणार. आधी भरायचं, मग मिळणार."

हे वाक्य कुणी तक्रार म्हणून सांगत नाही, पाऊस उशिरा आला असं सांगावं तसं सांगतात. मला मात्र ते वाक्य लागतं. कारण आधी भरायला ज्याच्याकडं पैसे आहेत त्याच्यासाठी शिष्यवृत्ती म्हणजे परत आलेले पैसे, आणि ज्याच्याकडं नाहीत त्याच्यासाठी ते व्याजाचं मीटर आहे. समजा एका पोरीची ४०,००० रुपये ट्युशन फी माफ व्हायची आहे. तिच्या आईनं आमच्याकडं ४०,००० उचलले, शेकडा १२ नं वर्षाचं व्याज झालं ४,८००. मेरिट यादीत तिच्या शेजारी बसलेल्या, बापानं खात्यातून फी भरलेल्या पोरीला ४०,००० मिळाले आणि हिला ३५,२०० मिळाले. दोघींचं पर्सेंटाइल तेच, कॉलेज तेच, योजना तीच. हा हिशोब कुठल्याच कागदावर येत नाही. तो फक्त माझ्या काउंटरवर दिसतो.

माझं स्वतःचं सांगते.

आम्ही खानापूर तालुक्यातले, विट्याजवळचं गाव. दीड एकर जिरायत, त्यात पाऊस बेभरवशाचा. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईवर जगतात, म्हणजे घरातला पुरुष कुठंतरी तामिळनाडूत नाहीतर केरळात नाहीतर उत्तरेत सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. माझे वडील मात्र गावातच राहिले. मी बी.कॉम. झाले आणि २००१ साली शिवाजी विद्यापीठात एम.कॉम.ला अर्ज टाकला. तेव्हा ऑनलाइन काही नव्हतं. यादी टाइप करून विभागाच्या काचेच्या बोर्डात लावायचे. मी आणि वडील पहाटेच्या एसटीनं कोल्हापूरला गेलो, बोर्डासमोर गर्दी, वडील उंच असल्यामुळं त्यांना आधी दिसलं. ते काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त बोट काचेवर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं, मी गर्दीतून पुढं येईपर्यंत. अकरावा नंबर होता. त्या विद्यापीठाचं आवार केवढं मोठं आहे ते गेलेल्यांना माहीत आहे, झाडं, तळी, मोर, समोर महाराजांचा पुतळा. आम्ही दोघं त्या पुतळ्यासमोरच्या कट्ट्यावर बसून भाकरी खाल्ली आणि वडील म्हणाले, "आता पैशाचं बघू."

फी आणि होस्टेलचं डिपॉझिट भरायला मुदत थोडी होती. नाही भरलं तर वेटिंगवरच्याला सीट. ऑफिसात सांगितलं गेलं, तुमचे मार्क चांगले आहेत, गुणवत्ता शिष्यवृत्तीचा फॉर्म भरा, बसेल तुम्हाला. भरला. आणि आईची बोरमाळ विट्यात एकाकडं गेली. दीड तोळ्याची होती. तेव्हा सोनं तोळ्याला साधारण ४,३०० होतं, म्हणजे साडेसहा हजारांची वस्तू. उचलले ४,०००. व्याज तीन रुपये शेकडा, दरमहा. महिन्याला १२०.

शिष्यवृत्ती मंजूर झाली. नाव लागलं, अभिनंदन झालं, गावात पेढे वाटले. पण मंजूर होणं आणि हातात येणं यात किती अंतर असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पहिलं वर्ष संपलं, दुसरं संपत आलं. प्रत्येक वेळी विचारलं की उत्तर एकच, वरून आलं नाही. वीस महिन्यांनी चेक आला, ४,००० चा. वीस महिन्यांचं व्याज झालं होतं २,४००. मुद्दल आणि व्याज मिळून ६,४००, म्हणजे बोरमाळेच्या किमतीइतकं. चेक यायच्या आधीच्या महिन्यातच बोरमाळ मोडली गेली होती.

मी तो चेक घेऊन गावी गेले. आईनं हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "तुझ्या मार्कांचं हाय न्हवं हे, मग ठेव." बोरमाळेचं नावही काढलं नाही. आई जाऊन आता सहा वर्षं झाली. तिच्या गळ्यात नंतर काळी पोतच होती. लग्नकार्यात फोटो निघायचे तेव्हा ती पदर गळ्याशी ओढून घ्यायची, ते मला फोटोंचा अल्बम बघताना दिसतं. मी एम.कॉम. झाले, त्यावर नोकरी लागली, संसार उभा राहिला, त्या वीस महिन्यांनी माझं शिक्षण काही थांबलं नाही. पण मी शिष्यवृत्तीवर शिकले असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला ते पटत नाही. मी बोरमाळेवर शिकले. शिष्यवृत्ती नंतर आली.

सातारा आपल्याला जवळचा. तिथं गेलं की मी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या समाधीपाशी जाऊन येते. भाऊराव मूळचे आपल्याच भागातले, वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक, जन्म १८८७ चा कुंभोजचा. १९१९ ला कराडजवळ काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, पुढं त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. ही सगळी माहिती आपण शाळेत पाठ केलेली असते, चौदा मार्कांचा प्रश्न म्हणून. मला मात्र या नोकरीत आल्यावर त्यातली एकच गोष्ट सारखी आठवत राहते, ती म्हणजे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. बोर्डिंगातल्या पोरांना धान्य कमी पडायला लागलं तसतसे त्यांनी एकेक दागिने दिले, आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवत होती आणि त्या पंगतीचं धान्य त्या सोन्यातून आलेलं होतं.

हे वाचून आपण हात जोडतो, जोडायलाच पाहिजेत. पण माझ्या मनात येतं, शंभर वर्षं झाली की. तेव्हा सरकार आपलं नव्हतं, बाईनं स्वतःच्या गळ्यातलं दिलं, ते दुसऱ्यांच्या पोरांसाठी. आता सरकार आपलं आहे, योजना आहेत, पैसा बजेटमध्ये धरलेला आहे, तरी जुलै महिन्यात माझ्यासमोर बाई गळ्यातलं काढते. आणि भाऊरावांच्या त्या बोर्डिंगात एक गोष्ट सरळ होती बघा. पोरगं आलं की आधी त्याच्या ताटात भाकरी पडायची. मार्कलिस्ट, दाखला, पडताळणी, मग भाकरी, असं नव्हतं. काम करावं लागायचं, कमवा आणि शिका म्हणजे खरंच कमवायचं, शेतात, बांधकामावर. पण उपाशी ठेवून नंतर जेवणाचे पैसे परत देतो असं कुणी म्हटलं नाही.

दुसरं उदाहरण आंबेडकरांचं, तेही साताऱ्याशीच जोडलेलं, कारण त्यांचं इंग्रजी शाळेतलं नाव साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झालं, तो दिवस आता आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. १९१३ ला ते अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार लिहून घेतला होता. मी पतसंस्थेत आहे म्हणून मला करार वाचायची सवय आहे, आणि मला या करारात दिसतं ते हे की अट मागं होती आणि पैसा पुढं होता. आधी माणसावर विश्वास टाकला. आपल्याकडं आता अट पुढं असते आणि पैसा कधी येईल ते पोर्टलला माहीत.

आता यंदाची गोष्ट. म्हणजे गेल्या जुलैची.

माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची मुलगी बारावी झाली. दाजी गलाईच्या कामावर तामिळनाडूत, वर्षातून दोनदा गावी येतात. पोरगी हुशार, सीईटीला ९४ च्या पुढं पर्सेंटाइल. आमच्या सगळ्या खानदानात इंजिनिअरिंगला जाणारी पहिली. ऑप्शन फॉर्म भरायला ती माझ्याकडं सांगलीत चार दिवस राहिली. मी असा फॉर्म आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. गेल्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ उघडल्या की नुसत्या सांकेतिक अक्षरांच्या रांगा. दोघींनी वहीत लिहून काढलं, पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मध्ये प्रवर्ग, शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे स्टेट लेव्हल. आपल्या सांगली-सातारा-कोल्हापूरची होम युनिव्हर्सिटी शिवाजी विद्यापीठ. हे एकदा समजलं की त्या यादीत आपली जागा कुठं असू शकते ते दिसायला लागतं. समजलं नाही तर पोरं कॉलेजच्या नावावरून, मित्रानं टाकलंय म्हणून, बसस्टँडवरच्या फ्लेक्सवरून ऑप्शन टाकतात. आणि क्रम चुकला तर भोगावं लागतं, कारण पहिल्या फेरीत पहिला ऑप्शनच लागला तर तो आपोआप फ्रीज होतो, मग पुढच्या फेरीत बदलता येत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं घरात सांगणारं कुणी नसताना हे सगळं एकट्यानं ठरवायचं. मेरिट मोजताना हे कुणी धरत नाही की एकाच्या घरी इंजिनिअर काका होता आणि दुसरीच्या घरी नेट पॅक संपला होता.

तिनं पहिला ऑप्शन विश्रामबागचं वालचंद टाकला. आमच्या भागातल्या कुठल्याही हुशार पोराला विचारा, पहिला ऑप्शन तोच, १९४७ पासूनचं कॉलेज, अनुदानित. कॉम्प्युटरचा कटऑफ तिच्या पलीकडं होता हे आम्हाला दिसत होतं, तरी टाकलं. का नाही टाकायचं?

त्याच आठवड्यात तिच्या मोबाईलवर फोन सुरू झाले. पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठातून. "तुम्हाला मेरिट स्कॉलरशिप मंजूर झालीये, पन्नास टक्के, दोन दिवसांत सीट बुक करा." पोरगी हरखली. आक्काचा फोन, "अगं पन्नास टक्के म्हणतायत, पुण्यात आहे, पाठवू का?" मी त्यांचं माहितीपत्रक मागवून घेतलं आणि रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले. पन्नास टक्के सवलत पहिल्या वर्षाच्या ट्युशन फीवर. पुढच्या वर्षी ती टिकवायला ठरावीक सीजीपीए लागणार. होस्टेल, मेस, बाकीच्या फी यात नाहीत. सवलत वजा करूनही जी रक्कम उरत होती ती इथल्या कॉलेजच्या पूर्ण फीपेक्षा जास्त होती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, राज्य सरकारनं जुलै २०२४ मध्ये जो निर्णय केला, की आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्युशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, तो कॅपमधून घेतलेल्या ॲडमिशनला लागू आहे. खासगी अभिमत विद्यापीठं, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं आणि मॅनेजमेंट कोटा त्यात बसत नाहीत. म्हणजे पन्नास टक्क्यांच्या स्कॉलरशिपसाठी ती शंभर टक्क्यांची माफी सोडणार होती.

मी त्या विद्यापीठाला वाईट म्हणत नाही, तिथंही पोरं शिकतात आणि पुढं जातात. पण ती सवलत आहे. तिला स्कॉलरशिप म्हटलं की आईबापाच्या मनात शाळेतली चौथीची-सातवीची स्कॉलरशिप येते, परीक्षा देऊन मिळवलेली, हेडमास्तरांनी स्टेजवर बोलावलेली. तो शब्द आमच्या माणसांना फार मोठा वाटतो, म्हणून तो सांभाळून वापरायला पाहिजे.

दुसऱ्या फेरीत तिला जिल्ह्याजवळचंच एक कॉलेज लागलं, पाहिजे ती ब्रँच. नाव सांगत नाही, पुढं जे लिहायचंय त्यामुळं.

कागद गोळा करणं हे वेगळंच. डोमिसाईल होतं. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठी ऑफिसात विचारलं, वडील काय करतात? गलाई. कुठं? तामिळनाडू. पगारपत्रक आहे? गलाईत कुठलं पगारपत्रक, दाजी दुसऱ्याच्या दुकानात काम करतात, रोखीत मिळतं. आमच्या खानापूर-आटपाडीच्या शेकडो घरांचा हाच प्रश्न, कमाई एका राज्यात, रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात. दाजींनी तिथून रात्रीच्या गाडीनं निघून येऊन स्वतः स्वयंघोषणापत्र दिलं, दोन दिवसांचा खाडा झाला. नॉन-क्रिमीलेयर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं, तिचं होतं ते त्याच वर्षीच्या मार्चमध्ये संपलेलं. परत सेतू केंद्र. मला २०१९ चा ऑगस्ट आठवला, कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि गावभागातली माणसं बोटीतून उतरताना अंथरूण-भांडी सोडून पोरांच्या दाखल्यांची फाईल छातीशी धरून उतरत होती. ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्या माणसांना कागदाची किंमत माहीत आहे, त्यांना कुणी शिकवायला नको.

ॲडमिशनच्या दिवशी आक्का, भाची आणि मी, तिघी गेलो. मी रजा टाकली होती. खिडकीवरच्या माणसानं कागद बघितले, सगळे बरोबर, आणि म्हणाला, पूर्ण फी भरा, महाडीबीटीचं आलं की रिफंड मिळेल. महाडीबीटी म्हणजे सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. आक्कानं लगेच पर्स उघडली. मला तेव्हा दिसलं, पर्समध्ये रुमाल होता. मला न सांगता तिनं पाटल्या आणल्या होत्या. घरातून निघताना हातात नव्हत्या ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी विचारलं नव्हतं. तो रुमाल बघितला आणि मला माझ्या आईचा हात दिसला.

मी खिडकीशी गेले आणि शांतपणे सांगितलं, साहेब, माफीच्या योजनेतल्या मुलींकडून ती फी ॲडमिशनच्या वेळी घ्यायची नाही असं सरकारनं सांगितलंय, तुम्ही घेताय ते कुठल्या आधारावर ते मला लिहून द्या. तो म्हणाला, मॅडम, आम्हाला पण पगार द्यायचे असतात, सरकारचे पैसे वेळेवर येत नाहीत. हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला राग धरता आला नाही. सरकार कॉलेजला उशिरा देतं, कॉलेज आईबापाकडून आधी घेतं, आईबाप सोनाराकडं नाहीतर माझ्याकडं येतात. सगळ्यांचा उशीर सरकत सरकत शेवटी एका बाईच्या मनगटावर येऊन थांबतो. पण थांबायचं असेल तर तो तिथं का थांबावा? कॉलेज मोठं आहे, बँक त्याला उभी करते, सरकार तर सरकारच आहे. तिघांत सगळ्यात कमी ताकद जिची आहे तिनंच वाट बघण्याचा खर्च का सोसायचा?

दीड तास गेला. वरच्या ऑफिसात पाठवलं, तिथं एक बाई होत्या, त्यांनी ऐकून घेतलं आणि हमीपत्र लिहून घेऊन ट्युशन फी न घेता ॲडमिशन केली. हमीपत्रात लिहिलंय की माफीची रक्कम शासनाकडून आली नाही तर आम्ही भरू. बाकीच्या फी भरल्या, त्या माझ्या खात्यातून. आम्ही खाली आलो तेव्हा त्याच खिडकीवर रांगेत पुढची बाई पूर्ण फी मोजून देत होती, मुलगी शेजारी उभी. मी त्या बाईला बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "भरलं आता ताई, जाऊ द्या, पोरीला पुढं त्रास नको." त्या शेवटच्या तीन शब्दांवर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्यानंतर मी काउंटरवर एक काम सुरू केलंय. दागिना काट्यावर ठेवायच्या आधी विचारते, ॲडमिशन कॅपमधून का? मुलगी का मुलगा? उत्पन्नाचा दाखला कितीचा? महाडीबीटीचा अर्ज भरला का, का नुसतं कॉलेजनं सांगितलं म्हणून बसलाय? बँक खातं आधारला जोडलंय का? नुसता आधार नंबर बँकेत दिलाय हे पुरत नाही, थेट अनुदान कुठल्या खात्यात जाणार ते मॅपिंग लागतं, आणि ते जुन्या बंद खात्याला असेल तर पैसे कुठं गेले ते शोधत बसावं लागतं. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो हे तर निम्म्या लोकांना माहीतच नसतं, एकदा मिळाली म्हणजे चार वर्षं मिळणार असं धरून चालतात. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, निम्मी ट्युशन फी, पण एका घरातल्या दोनच अपत्यांना. गावाहून येऊन राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. बारावीला बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत असेल तर केंद्राची आहे, वर्षाला १२,०००. आणि साध्या बी.ए., बी.एस्सी.च्या पोरांसाठी राज्याची खुली गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे, तिची रक्कम सांगताना मला संकोच वाटतो, महिन्याला १००. गुणवत्तेला आपण इतकं मानतो, सत्कार करतो, फ्लेक्स लावतो, आणि महिन्याला तिच्या हातात ठेवतो ती नोट विद्यार्थ्याच्या दोन वेळच्या राईसप्लेटची.

हे सगळं मी एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून काचेखाली ठेवलंय. आमच्या मॅनेजरांनी बघितलं. ते म्हणाले, धंदा कमी होईल की. मग स्वतःच म्हणाले, राहू द्या. त्यांच्या मुलीची ॲडमिशन पुढच्या वर्षी आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये कवठेमहांकाळकडची एक बाई आली होती, डोरलं घेऊन, दोन वाट्यांचं, झिजलेलं. तिच्या मुलीचा कागद बघितला, माफीत बसत होती. मी तिला सांगितलं, आज परत जा, कॉलेजात आधी हे विचार, आणि नाही म्हणाले तर मला फोन कर. तिनं माझा नंबर पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. फोन आला नाही. डोरलंही आलं नाही. मी रोज वाट बघायचे, दोन्हींपैकी काय येतंय.

भाचीचं पहिलं सेमिस्टर झालं, सगळे विषय निघाले, गणितात ओ ग्रेड. होस्टेलवरून रविवारी फोन करते, "मावशी, स्टेटस बघितलं का?" तिचा लॉगिन माझ्या मोबाईलमध्ये आहे. सुरुवातीला 'अंडर इन्स्टिट्यूट स्क्रुटिनी' असं दाखवत होतं, मग एकदा अर्ज परत पाठवला गेला, उत्पन्नाच्या दाखल्याचं स्कॅन पुसट आहे म्हणून, परत अपलोड केला. आता पुढच्या डेस्कवर आहे.

आणि पाटल्या माझ्याकडं आहेत. ॲडमिशन करून आलो त्या दिवशी आक्का माझ्या घरी चहाला थांबली, निघताना रुमाल काढून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, अगं घाल की आता हातात, कशाला दिल्यास? ती म्हणाली, "हमीपत्र लिहून दिलंय न्हवं. पैसं नाही आलं तर परत पळापळ नको. तुझ्याकडंच राहू देत, आलं की मग घालीन." मी खूप सांगितलं. ऐकलं नाही. तारण नाही, पावती नाही, व्याज नाही. माझ्या कपाटात साड्यांच्या खाली त्या रुमालात तशाच आहेत. संक्रांतीला आली होती तेव्हा हातात काचेच्या बांगड्याच होत्या. काल रात्री परत लॉगिन केलं, अर्ज अजून त्याच डेस्कवर आहे.